साबणावरची रेघ

पास्कलने शाळेमागच्या कठड्यावर कपड्याच्या साबणाची पिवळी वडी ठेवली, वरचा कागद सोलला आणि तो फेकून न देता चार घड्या घालून खिशात टाकला.

"आज साबण?" थॉमस मास्तर म्हणाले. "उपवासकाळ आहे म्हणून पेरूही सोडलास की काय?"

"पेरूत बिया असतात. बी धारेला आडवी येते," पास्कल म्हणाला. "साबण सरळ असतो. प्रत्येकाने एकेक काप काढायचा. ज्याचा काप सगळ्यांत गुळगुळीत, त्याची धार खरी."

"आनि हरनाऱ्यानं साबन खायचा?" हरेश्वरने विचारलं.

फर्डिनंड हसला. पास्कलही हसला, पण नजर तिघांच्या हातांवरून हलू न देता.

दर रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा सुटली की हे चौघे या कठड्यावर बसत. हरेश्वरचा मिस्सेशी संबंध नव्हता. तो पलीकडच्या पाड्यावरून सायकलने येऊन भेंडीच्या झाडाखाली थांबायचा, आणि तिघे देवळातून बाहेर आले की "सोडला काय रं देवानं येळेवर?" म्हणायचा. बायकांची समजूत अशी की पुरुष वाडीतल्या कामांचं बोलतात. ते चाकूंचं बोलत. चौघांच्याही खिशात बारा महिने घडीचा चाकू असे, आणि चाकू न घेता निघालेला माणूस घरातून अर्धाच बाहेर पडलेला असतो, यावर चौघांचं एकमत होतं. दुसऱ्या कशावरही नव्हतं.

मास्तरांचा चाकू शिंगाच्या मुठीचा, वडिलांच्या वेळचा. त्याने ते वर्गात पेन्सिली तासत आणि पोरांना उगाच घाबरवत. हरेश्वरचा लोहाराने गाडीच्या कमानपाट्यातून काढलेला, दिसायला ओबडधोबड, पण भाताचा पेंढा एका ओढीत कापणारा. पास्कलचा पितळी मुठीचा, कारखान्यातल्या फिटरने निरोपाला दिलेला. आणि फर्डिनंडचा लाल. बहारीनहून आणलेला. त्यात दोन पाती, कात्री, बाटलीचं झाकण उघडायचा आकडा, दात कोरायची काडी आणि आणखी एक हत्यार, ज्याचा उपयोग फर्डिनंडलाही अजून सापडला नव्हता.

आपला चाकू आपल्याला कळत नाही, दुसऱ्याने आठवडाभर वागवला तर कळतो, असं मास्तरांनी सात-आठ वर्षांपूर्वी एकदा म्हटलं आणि तेव्हापासून रविवारी चारही चाकू उजवीकडच्या माणसाकडे सरकू लागले. फर्डिनंडचा पास्कलकडे, पास्कलचा हरेश्वरकडे, हरेश्वरचा मास्तरांकडे, मास्तरांचा फर्डिनंडकडे. चार रविवारांनी ज्याचा त्याच्याकडे. आठवडाभर खिशात तोच वागवायचा. पुढे सरकवताना काय काय कापलं ते सांगायचं. आणि पात्याला काही झालं तर ज्याच्या हातून झालं त्यानेच दगडावर घासून ते नीट करायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

म्हणजे पास्कलने ठेवलं होतं. मुंबईच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. कुठला पाना कुणाच्या नावावर बाहेर गेला आणि कुठल्या अवस्थेत परत आला, यावर त्याने संसार चालवला होता. कारखाना सोडून गिरीज गावातल्या आपल्या वाडीत येऊन बसला तरी सवय राहिली. केळीच्या झाडांवर नोंद ठेवता येत नाही म्हणून त्याने ती चाकूंवर ठेवली. शाळकरी वही, चार रकाने: तारीख, चाकू, कुणाकडे, काय कापलं. तिघे त्याला या वहीवरून चिडवत, आणि आपली नोंद बरोबर लागली आहे ना हे हळूच वाकून बघतही.

"मास्तर, सुरुवात तुम्ही," पास्कल म्हणाला.

मास्तरांनी काप काढला. पास्कलने तो अलगद उचलला, वहीतून फाडलेल्या कागदावर ठेवला आणि कागदाच्या कोपऱ्यात 'थॉ' लिहिलं.

"अरे, साबणाचा तुकडा आहे की मुडदा?" मास्तर म्हणाले. "चिठ्ठी कसली लावतोस?"

"नोंद असलेली बरी."

"ठेवू दे रे त्याला," हरेश्वर म्हणाला. "नोंद नाय ठेवली तर याला जेवन पचत नाय."

पास्कलच्या डाव्या खिशात, रुमालात गुंडाळलेला, दोन बोटं लांबीचा काळ्या रबराचा तुकडा होता. त्याच्यासाठी ही सगळी साबणाची मांडामांड.

गेल्या पावसाळ्यानंतर पास्कलने विहिरीचं पाणी टँकरला द्यायला सुरुवात केली होती. स्टेशनच्या बाजूला इमारती उठत होत्या, त्यांना पाणी लागे, आणि पाणी गावातल्या विहिरींत होतं. काळूराम नावाचा माणूस विरारहून टँकर फिरवायचा. त्याने पास्कलच्या विहिरीपासून रस्त्यापर्यंत, कुंपणाच्या कडेने, जाड रबरी पाईप टाकला. दिवसाला दोन टँकर ठरले होते, चार भरू लागले. मास्तरांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. हरेश्वर तोंडावर म्हणाला, "पास्कल, विहीर म्हंजे पिंप नाय." फर्डिनंड काहीच म्हणाला नाही, आणि पास्कलच्या हिशेबात हे सगळ्यांत वाईट होतं. जो बोलतो त्याचं बोलून संपतं.

मग एका गुरुवारी, पास्कल पाचूबंदरला मासळी आणायला गेलेला असताना, भर दुपारी कुणीतरी तो पाईप कापला. घाईत कापलेला नव्हता. आत तारेचं वेटोळं होतं. रबर कापून तार वाकवून वाकवून तोडली होती. काळूरामच्या मिस्त्रीने मध्ये लोखंडी नळी घालून तेव्हा जोड मारला. परवा तो जोड गळायला लागला, मिस्त्रीने कापलेलं टोक काढून अंगणात फेकलं, आणि पास्कलने ते उन्हात उचलून पाहिलं. रबर एका बाजूने आरशासारखं कापलेलं होतं. तार लागली तिथून पुढे मात्र कापावर दोन उंच रेघा होत्या. एक ठळक, तिला चिकटून एक फिकी. तारेने पात्याला दोन खाचा पाडल्या होत्या, आणि पातं पुढे सगळीकडे सही करत गेलं होतं.

काळूराम म्हणाला होता, "शेट, सोमवारी नवा पाईप घेऊन येतो. पण तोपर्यंत मला नाव पायजे. चौकीवर सांगून ठेवलंय. आज पाईप कापला, उद्या टँकरचा टायर कापतील."

नाव. पास्कलला नाव काळूरामच्याही आधी हवं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्याने कापला असता तर कोयत्याने एका घावात कापला असता. ही बारीक पात्याची कामगिरी होती, आणि बारीक, पोलादी, धार धरणारं पातं खिशात घेऊन हिंडणारी माणसं गावात किती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तीन. नाव मास्तरांचं निघालं तर शाळेतली नोकरी अडचणीत येणार होती. हरेश्वरचं निघालं तर गोष्ट पाड्यापर्यंत जाणार होती. याचा विचार पास्कलने दोन रात्री केला होता आणि दोन्ही रात्री झोपताना फर्डिनंडचं नाव निघावं अशी मनातल्या मनात इच्छा धरली होती.

हरेश्वरने काप काढला. कडा थोडी फाटली, पण मधला भाग स्वच्छ. 'ह'.

"आता परदेशी माल," मास्तर म्हणाले.

फर्डिनंडने लाल चाकू उघडला. मोठं पातं साबणात घातलं आणि सावकाश ओढलं. काप काढून स्वतःच पास्कलच्या पुढे धरला, आणि धरूनच राहिला. पिवळ्या साबणावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन रेघा. एक ठळक, तिला चिकटून एक फिकी.

"खाच आहे वाटतं," पास्कल म्हणाला. आवाज त्याला हवा तसा निघाला, साधा.

"आहे," फर्डिनंड म्हणाला.

"काढली नाहीस?"

"मी कशाला काढू?"

आणि तो पास्कलच्या डोळ्यांत बघत राहिला, शांत. हरेश्वरने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. चष्मा स्वच्छ होता. पास्कलने हे सगळं टिपलं. म्हणजे या दोघांना माहीत आहे. माहीत असून तीन आठवडे याच कठड्यावर मांडीला मांडी लावून बसले आणि माझ्या पाईपबद्दल हळहळले.

"तुझाही काप दे की," मास्तर म्हणाले.

पास्कलने आपला पितळी चाकू चालवला. काप गुळगुळीत निघाला. कुणी कौतुक केलं नाही.

मग चाकू सरकवायची वेळ झाली. आपलाच चाकू आपल्याकडे असण्याचा आठवडा संपला होता, सगळे चाकू नव्या फेरीला निघाले. कुणी काय कापलं ते सांगितलं: मास्तरांनी तेरा पेन्सिली आणि एक पुठ्ठा, हरेश्वरने वांग्यांची कीड लागलेली देठं. फर्डिनंड म्हणाला, "काहीच नाही. मी उघडलाच नाही आठवडाभर." आणि लाल चाकू पास्कलच्या तळहातावर ठेवला. "या खेपेला जरा बघ त्याच्याकडे."

काय हिंमत, पास्कलला वाटलं.

घरी जाताना तो वाटेत एकदा थांबला, कुणी नाही असं बघून रुमाल सोडला आणि रबराचा तुकडा फर्डिनंडच्या साबणाशेजारी धरला. दोन्हीवरच्या रेघांमधलं अंतर सारखं होतं. त्याची चाल हलकी झाली. बहारीनहून येऊन मोटरसायकल फिरवायची, मिस्सेला पहिल्या बाकावर बसायचं, आणि दुपारी दुसऱ्याच्या वाडीत शिरायचं. एकवीस वर्षांत पास्कलने नोंद न बघता कुणावर ठपका ठेवला नव्हता. आज त्याला नोंदीची गरज वाटली नाही.

बायकोने, मटिल्डाने, ताट वाढलं होतं. सुक्या बोंबलाचं कालवण, भात, कैरी.

"मिळाला," पास्कल बसताबसता म्हणाला.

"काय?"

"पाईप कापणारा."

मटिल्डाच्या हातातला डाव भातातच राहिला. "कोण?"

"फर्डिनंड. त्याच्या चाकूला खाच आहे, कापाशी जुळते. उद्या काळूराम आला की नाव देतो."

तिने भात वाढला, कालवण वाढलं, कैरीची फोड ताटाच्या डाव्या बाजूला ठेवली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "फर्डिनंडने कशाला कापावा? त्याचं काय घोडं मारलंय आपण?"

"तेच तर. मत्सर."

"नेतील त्याला चौकीवर?"

"नेऊ देत."

"त्याची आई आहे घरात. ऐंशीची." मटिल्डा चुलीकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "वहीत बघितलंत?"

"काय बघायचंय वहीत?"

"तुम्हीच म्हणता ना, चाकू ज्याचा त्याच्याकडे नसतो म्हणून. माणसाचं नाव आहे. बघून द्या."

पास्कल चिडला, कारण सूचना योग्य होती आणि ती स्टोअरकीपरच्या बायकोने स्टोअरकीपरला केली होती. जेवून त्याने हात धुतले, खुंटीवरच्या पिशवीतून वही काढली आणि खिडकीपाशी बसला. बोट रकान्यावरून वर सरकवत नेलं. लाल चाकू. मागच्या रविवारपासून फर्डिनंडकडे. त्याआधी थॉमस. त्याआधी हरेश्वर. पाईप कापला तो गुरुवार आणखी वरच्या ओळीत येत होता. बोट त्या ओळीवर थांबलं. 'लाल. कुणाकडे: पा.' आणि पुढे, त्याच्याच वळणदार अक्षरात: 'दोन पेरू, सुतळी, एक केळफूल.'

त्याने बोट उचललं, पुन्हा ठेवलं. तारखा बोटांच्या पेरांवर मोजल्या. मग उलट्या मोजल्या.

दोन पेरू नव्हते. सुतळीही नव्हती. तो लाल चाकू त्याने त्या आठवड्यात उघडलाच नव्हता. कुठल्याच फेरीत उघडत नसे. दात कोरायची काडी असलेलं हत्यार खिशात घालून हिंडायची त्याला लाज वाटे. रविवारी आणायचा, स्वयंपाकघरातल्या मेणबत्त्यांच्या खणात टाकायचा आणि पुढच्या रविवारी खणातून काढून घेऊन जायचा. काय कापलं ते चालताचालता ठरवायचा. त्या रविवारीही तसंच. हरेश्वरने त्याच्याकडून चाकू घेतला होता, उघडला होता, पात्यावरून अंगठा फिरवला होता आणि विचारलं होतं, "आनि काय नाय कापला?" पास्कल म्हणाला होता, "एक केळफूल."

आता ते आठवलं तेव्हा त्याने वहीतल्या 'केळफूल' या शब्दावर अंगठा दाबून धरला.

स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत होता. खणाचा विचार पास्कलच्या मनात आला आणि नेमका तेव्हाच तो आवाज थांबला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा हळू.

त्याने हाक मारली नाही. वही मिटून मांडीवर ठेवली.

चारच्या सुमाराला कुंपणापाशी सायकलची घंटी वाजली. हरेश्वर आत आला नाही, सायकल धरूनच उभा राहिला. पास्कल बाहेर गेला.

"सकालपासून चैन नाय पडला," हरेश्वर म्हणाला. "तिघांनी ठरवला होता, तू सोता बोलशील तवाच बोलायचा. पन तू साबन आनलास. म्हटला, हा आता आमचीच परीक्षा घेतो काय?"

"कसली परीक्षा?"

"आता मला नको शिकवू. त्या रविवारी मी चाकू उघडला, तवाच खाच बघितली. गुरुवारी पाईप कापला, रविवारी खाच. मी मास्तरांना दावली, मास्तरांनी फर्डिनंडला सांगितला. तो म्हनाला, कुनी हात लावायचा नाय. पास्कलची खाच हाय, पास्कल काढील. तीन आठवडे झाले, कुनी कुनाला काय बोलला नाय." हरेश्वरने सायकलच्या हँडलवरची धूळ अंगठ्याने पुसली. "बरा केलास. काळूरामला सरळ नाय म्हनता आला नसता, शब्द दिलेला. असा केलास ते अक्कलीचा केलास."

पास्कल कुंपणाच्या दांड्याला धरून उभा होता. चार माणसांत तो एकटाच संशय घेत होता, आणि इतर तिघे त्याच वेळी त्याच्या शहाणपणाची नोंद करून बसले होते.

"तुम्हाला का वाटलं की मीच असेन?" त्याने विचारलं.

"म्हंजे? विहीर मचूळ झाली म्हनून." हरेश्वर त्याच्याकडे बघू लागला. "केळीची पानं बघ की कडेनं करपलेली. आनि मटिल्डाबाय नाताळापासून आमच्या विहिरीचा पानी नेते, रोज दोन हंडे. माझी बायको शकू बोलली, दुसऱ्याच्या विहिरीचा पानी प्यायची पास्कलभाऊंना काय हौस नाय आली. तवाच समजलो, हा कायतरी करनार."

पास्कलने मान हलवली. होय म्हणून की नुसतीच, ते हरेश्वरला कळायचं कारण नव्हतं.

"उद्या काळूराम येतो ना?" हरेश्वरने विचारलं. "काय सांगशील त्याला?"

"बघतो."

"आमचा नाव दे पायजे तर. माझा दे. माझा काय, मला शाळेत शिकवायचा नाय."

तो गेल्यावर पास्कल वाडीत शिरला. केळीची पानं त्याने रोज पाहिली होती. कडा तपकिरी होत चालल्या होत्या, ते उन्हाने आणि वाऱ्याने म्हणून त्याने सोडून दिलं होतं. किती टँकर भरले ते त्याला तोंडपाठ होतं. घरात पाणी कुठून येतं हे बघायचं राहून गेलं होतं. तो विहिरीपर्यंत गेला, काठावर उभा राहिला आणि पोहरा न सोडता परत आला.

सोमवारी सकाळी काळूरामची जीप रस्त्यावर थांबली. मागे नव्या पाईपचं भेंडोळं होतं. पास्कल ओट्यावर बसून दगडावर लाल चाकूचं पातं घासत होता, एका लयीत, मधूनच पाण्याचे चार थेंब टाकून.

"सकाळी सकाळी धार?" काळूराम पायरीवर टेकला. "नाव काढलंत का, शेट?"

"काढलं."

काळूरामने खिशातून बॉलपेन आणि सिगारेटच्या पाकिटाचा कागद काढला. "बोला."

"पास्कल."

काळूरामने लिहिलं. मग पेन थांबलं. "कोण पास्कल? गावात पाच असतील."

"मी."

स्वयंपाकघराच्या दारात मटिल्डा आली. हात कोपरापर्यंत ओले होते. "ऐका, मला काय सांगायचंय ते..."

"आत दूध उतू जातंय," पास्कल मागे न बघता म्हणाला. "बघ जा."

दूध चुलीवर नव्हतं. ती जागची हलली नाही.

"शेट, मस्करी करू नका," काळूराम म्हणाला. "स्वतःच्या विहिरीवरचा पाईप कुणी स्वतः कापतो?"

"हा बघा." पास्कलने बाजूला ठेवलेला रबराचा तुकडा आणि साबणाचा काप पुढे केले. "रेघा जुळवून बघा. चाकू हा. त्या आठवड्यात हा माझ्या घरात होता, तशी लेखी नोंद आहे, वही दाखवतो. पाईपाचं काय होईल ते भरून देतो. पाणी आजपासून बंद."

काळूरामने रबर घेतलं नाही. तो पास्कलकडे, मग दारातल्या बाईकडे, मग पुन्हा पास्कलकडे बघत राहिला. हिशेबी माणूस होता, त्यालाही बेरीज कळत होती.

"कुणाला तरी झाकताय तुम्ही," तो म्हणाला.

"चौकशी करा."

"गिरीजमध्ये विहिरी कमी नाहीत, शेट."

"नाहीत. विचारून बघा."

काळूरामने कागदावरचं नाव खोडलं, कागद चुरगळला आणि जाताना मुद्दाम अंगणातच टाकला. जीप वळली, भेंडोळं एकदा हिंदकळलं, रस्ता मोकळा झाला. मटिल्डा अजून दारातच होती.

"आत तार असते हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "अर्धा कापून झाल्यावर कळलं. मग म्हटलं, आता काय थांबायचं."

पास्कलने पातं उजेडात तिरकं धरलं. फिकी रेघ गेली होती, ठळक अजून थोडी होती. तो पुन्हा घासू लागला.

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"तीनदा सांगितलं होतं. नाताळात, नव्या वर्षाला आणि उपवासकाळ लागला त्या राखेच्या बुधवारी. तुम्ही टँकर मोजत होता."

दगडावरून पातं पुढे गेलं, मागे आलं. कुंपणापलीकडे कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. पास्कलने चाकू मिटून ओट्यावर ठेवला आणि हात सदऱ्याला पुसले.

"चहा कर," तो म्हणाला. "आपल्या विहिरीच्या पाण्याचा."

"नासतो त्यात. दूध फाटतं."

"कोरा कर."

ती आत न जाता अंगणातून विहिरीकडे गेली. पोहरा खाली जाताना रहाटाचा आवाज बराच वेळ येत राहिला. पाणी खोल गेलं होतं. चहा आला तेव्हा ऊन ओट्याच्या पायरीपर्यंत पोचलं होतं. पास्कलने कप तोंडाला लावला, एक घोट घेतला, थांबला. मटिल्डाने साखरेचा डबा पुढे केला. त्याने मानेनेच नको म्हटलं आणि दुसरा घोट घेतला, मग तिसरा. कप तळाला जाईपर्यंत ती समोर उभी होती.